खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे

ऑक्टोबर लागला की हेग्नेस गावात प्रत्येकाच्या फोनवर एक निरोप येतो: तुझ्या टायरांची झोप झाली, मोसम बदलायला ये. निरोप हाल्डिस पाठवते. गावाच्या टोकाला तिचं गॅरेज आहे आणि गॅरेजमागच्या लांबलचक शेडमध्ये अख्ख्या गावाचे टायर मांडून ठेवलेले असतात, उन्हाळ्यात हिवाळ्याचे आणि हिवाळ्यात उन्हाळ्याचे. त्याला सगळे टायरांचं हॉटेल म्हणतात आणि त्यात कोणाला काही गंमत वाटत नाही. त्या वर्षी निरोप आला तेव्हा आयलिफ स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाव आणि तपकिरी चीज खात होता. त्याने निरोप वाचला, फोन पालथा घातला आणि पाव संपवला.

एरवी हा निरोप त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. त्या घरात टायर कधी बदलायचे ते त्याची बायको गुनव्होर ठरवायची. पानगळ सुरू झाली की सकाळी ती अनवाणी दारात यायची, पायरीच्या दगडावर तळहात टेकवायची, तोंड वर करून हवेचा वास घ्यायची आणि आत येऊन म्हणायची, "आज." मग आकाश निरभ्र असो, रस्ता कोरडा ठणठणीत असो, शेजारी हसोत, आज म्हणजे आज. त्यानंतर चार दिवस जायचे नाहीत तोच घाटातल्या वळणांवर गाड्या खड्ड्यात उतरलेल्या असायच्या. गावातली अर्धी माणसं हवामानाचा अंदाज बघतच नसत. गुनव्होरच्या गाडीखाली कुठले टायर आहेत तेवढं बघून यायची.

आणि का बघू नयेत? गुनव्होरने जन्मभर शाळेची बस चालवली होती. गावातल्या कर्त्या माणसांपैकी निम्म्यांना तिने कधी ना कधी बसमध्ये गप्प बसवलेलं होतं.

आयलिफचं म्हणाल तर चाकाशी त्याचा संबंध बाहेरूनच. तो फेरीबोटीवर गाड्या लावायचा. पिवळं जाकीट घालून लोखंडी उतारावर उभा राहायचा आणि हातांनी खुणा करायचा: ये, ये, डावीकडे घे, बस. भले भले डॉक्टर आणि आमदार त्याच्या दोन हातांच्या हुकमात वागायचे. वागायची नाही ती एक गुनव्होर. सकाळच्या फेरीला तिची बस यायची, ती त्याच्या खुणांकडे ढुंकूनही बघायची नाही आणि आपल्या अंदाजाने येऊन पुढच्या साखळीपासून वीतभर अंतरावर थांबायची. एकदा त्याचं डोकं फिरलं. तो खिडकीशी गेला आणि मी इथे शोभेला उभा आहे का, असं त्याने तिला विचारलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "जाकीट बरं दिसतं." लग्न त्यानंतर फार लांबलं नाही.

पुढे खाडीवर पूल झाला, बोट बंद पडली, दोघं निवृत्त झाली आणि सगळ्यांनी घेतली म्हणून त्यांनीही इलेक्ट्रिक गाडी घेतली. आयलिफला ती गाडी मनापासून आवडली, कारण ती गप्प होती. गुनव्होर म्हणाली की ही गाडी नव्हे, सोफा आहे. पहिल्या हिवाळ्यात त्यावरून घरात जो वाद झाला तो त्यांच्या संसारातला सगळ्यात लांब वाद असावा. आयलिफचं म्हणणं असं की बर्फाचे टायर घालू, पण बिनखिळ्यांचे, बर्फ पकडायला रबरात लोखंडी खिळे बसवलेले नकोत. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत खिळ्यांचा आवाज दबून जायचा. या गाडीत कोरड्या डांबरावर खिळे वाजायला लागले की कोणीतरी पत्र्यावर अखंड मटार ओततंय असं वाटायचं. शिवाय विकणारा पोरगा शपथेवर सांगत होता की गाडी जड आहे, चारही चाकं ओढतात, ती रस्ता आपोआप धरते.

"जड गाडी खड्ड्यात जाताना हळू जाते का?" गुनव्होरने विचारलं होतं. "आणि आवाज हवाच. वाजतंय तोवर खाली डांबर आहे. वाजायचं थांबलं की बर्फ लागला. तुझा सोफा तर काहीच सांगत नाही."

खिळ्यांचे टायर आले. ते वाजले. आयलिफ वसंतापर्यंत कुरकुरला.

मग गुनव्होर विसरायला लागली. आधी चाव्या, मग शब्द, मग रस्ते. ज्या रस्त्यांवर तिने एवढी मुलं सुखरूप नेली-आणली त्यांच्यातल्याच एका फाट्यावर ती एका दुपारी गाडी बंद करून बसलेली सापडली. हेग्नेसचं वृद्धांचं घर तोवर बंद झालं होतं, तेव्हा तिला डोंगरापलीकडे लिदालला ठेवावं लागलं. तिथे खोली स्वच्छ होती, माणसं भली होती, रविवारी जाळीदार गोड वॅफल मिळायचे. गुनव्होर त्या जागेला हॉटेल म्हणायची. हॉटेल बरं आहे, पण कॉफी पातळ, असं तिचं मत होतं.

आयलिफ दर रविवारी घाट ओलांडून जायचा. उतारवयात तो असा गाडी चालवायला शिकला, म्हणजे परवाना होताच, पण शेजारी ती नसताना चालवायला तेव्हा शिकला. आणि अशाच एका रविवारी तो आत शिरला तेव्हा गुनव्होर खुर्चीतून अर्धवट उठली आणि अदबीने म्हणाली, "बसा ना. तुम्ही कोणाकडे आलात?"

तिथल्या भाषेत 'तुम्ही' असं आता कोणी कोणाला म्हणत नाही. पोरं मास्तरांना 'तू' म्हणतात आणि मास्तर पंतप्रधानांना. 'तुम्ही' उरलंय ते राजापुरतं, आणि गुनव्होरच्या लहानपणी उरलं होतं ते बाहेरगावाहून येणाऱ्या पाद्रीबुवांपुरतं. तो शब्द तिने कुठल्या अडगळीतून काढला कोण जाणे. त्या दिवसापासून आयलिफला तो लागू झाला.

कोणालाही वाटेल की त्या घावाने माणूस कोलमडला असेल. तर तसं काही झालं नाही. आयलिफ बसला, त्याने वॅफल खाल्ला, हवा कशी आहे ते सांगितलं. घरी परतताना घाटमाथ्यावर गाडी थांबवून तो रडू यायची वाट बघत बसला. आलं नाही. पुढच्या रविवारी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पुढे त्याने वाट बघणं सोडलं. तो उठायचा, दाढी करायचा, बटाटे उकडायचा, बातम्या बघायचा. कोणी विचारलं तर बरं आहे म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. वाईट वाटावं लागतं तेव्हा ते लपवता येतं. त्याच्याकडे लपवायलाही काही नव्हतं.

त्याची मुलगी इंगुन देशाच्या दक्षिण टोकाला राहायची. तिकडे बर्फ पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन जातो. उन्हाळ्यात ती आली, बापाची दशा बघितली आणि तिला काहीतरी करावंसं वाटलं. तेव्हा तिने त्याच्या गाडीला वर्षभराचे टायर घालून दिले. हिवाळ्यात चालतात, उन्हाळ्यात चालतात, कायद्याला चालतात. आता बाबाला दरवर्षी अदलाबदलीची दगदग नको, टायरांच्या हॉटेलातले खिळ्यांचे विकून टाक, असं ती म्हणाली. आयलिफने मान डोलावली. विकले मात्र नाहीत, आणि का नाही विकले ते त्याला सांगता आलं नसतं.

म्हणून हाल्डिसच्या निरोपाला काय उत्तर द्यायचं ते त्याला कळेना. तो चार-पाच सकाळी दारात गेला. एकदा तर त्याने पायरीवर हातही टेकवून बघितला. दगड गार होता. दगड गारच असतो.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा गावात अजून पाऊसच होता, पण घाटमाथ्यावर पहिला बर्फ पडला. शनिवारी रात्री आयलिफने इंगुनला फोन केला आणि विचारलं की या टायरांवर घाट ओलांडायचा का. इंगुनने आधी गाडीच्या चार चाकांचं पुराण लावलं. मग म्हणाली,

"बाबा, एक बोलू? टायर कुठलेही असले तरी जायलाच हवं असं नाही आता. तू आलास की नाही ते आईला कळत नाही. तू स्वतःला किती दामटणार?"

त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या रविवारी तो गेला नाही. लिदालला फोन केला, घाटात बर्फ आहे आणि गाडीला तसे टायर नाहीत असं सांगितलं. परिचारिका म्हणाली की काही काळजी करू नकोस, गुनव्होर मजेत आहे, तिने दोन वॅफल खाल्ले. पुढच्या रविवारीही त्याने हेच सांगितलं आणि परिचारिकेनेही हेच सांगितलं. किती सोपं होतं! टायर एकदा खराब म्हटले की नवऱ्याला कोणी बोल लावत नाही. असाच वसंत येईल, आयलिफच्या मनात आलं, आणि वसंतापर्यंत मला सवय होईल.

हाल्डिस त्याला दुकानात भेटली, दुधाच्या कपाटापाशी. पन्नाशीची धिप्पाड बाई, हातांना कायम ग्रीसचा वास. शाळेत असताना गुनव्होरच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसायची, आणि त्या बाकावरची पोरं बोलायला कशी असतात ते वेगळं सांगायला नको.

"तुझे पाहुणे उठायलाच तयार नाहीत, आयलिफ," ती म्हणाली. "नाश्ता खोलीत पाठवू का?"

तो म्हणाला की यंदा वर्षभराचे घातलेत, गरज नाही. इलेक्ट्रिक गाडीला तसंही काय लागतं, जड असते. हाल्डिसने दुधाची पिशवी टोपलीत टाकली. मग गेले दोन रविवार तू लिदालला गेला असशीलच, असं तिने विचारलं. लिदालच्या स्वयंपाकघरात तिची मावसबहीण कामाला होती, म्हणजे उत्तर तिला ठाऊक होतं. आयलिफ म्हणाला की घाटात बर्फ आहे.

"म्हणजे गावात फिरायला ते टायर चांगले, आणि घाटाचं नाव निघालं की वाईट?" हाल्डिस म्हणाली. "जायचं नाही असं ठरवलं असशील तर तसं म्हण. मी कोण बोलणारी? पण टायरांवर कशाला ढकलतोस? ते बिचारे गोल आहेत, ढकलशील तिकडे जातील."

एवढं बोलून ती दही घ्यायला गेली. आयलिफला लाज वाटली का? तेही धड नाही. पण तिसऱ्या रविवारी तो गाडीत बसला. गुनव्होरच्या ओढीने निघाला असं म्हणवत नाही. हाल्डिसला खोटं पाडायचं होतं एवढंच. वर्षभराच्या टायरांवर घाट ओलांडता येतो आणि आपण हवं तेव्हा जाऊ शकतो हे दाखवायचं, मग जायचं की नाही ते बघू, असं काहीतरी डोक्यात होतं.

चढ सुखात गेला. गाडी नेहमीसारखी गप्प. माथ्यावर ढग उतरले होते, रस्त्याच्या कडेने बर्फ मोजायला रोवलेल्या लाल काठ्या तेवढ्या दिसत होत्या. पलीकडचा उतार लागला आणि त्याने रोजच्या सवयीने पाय उचलला. या गाड्या पाय उचलला की स्वतःच वेग कमी करतात, ब्रेक लावावाच लागत नाही. तशी ती वेग कमी करायला गेली. खाली काळसर, गुळगुळीत बर्फ होता, डांबरासारखा दिसणारा. वाजायला खिळे नव्हते, त्यामुळे डांबर कधी संपलं ते कळलं नाही. गाडी आडवी झाली आणि घरंगळावी तशी शांतपणे कडेला जाऊ लागली. एक लाल काठी मोडली, दुसरी मोडली. तिसरीला टेकून गाडी थांबली. काठीपलीकडे दरी होती.

आयलिफ स्टिअरिंग धरून बसला. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितलं. काळीज आपल्या चालीने चाललं होतं. मग त्याने थर्मास उघडला आणि कॉफी ओतून घेतली. कॉफी ओतताना हात जरासुद्धा हलला नाही आणि तेव्हा कुठे त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं. माणूस दरीच्या तोंडाशी बसून कॉफी पितो आणि त्याला काही होत नाही, तर तो माणूस टायरांच्या शेडमध्ये ठेवायच्याच लायकीचा झाला. हा विचारसुद्धा त्याने अगदी थंडपणे केला. कॉफी संपवली, इंच इंच करत गाडी मागे घेतली आणि बैलगाडीच्या वेगाने लिदालला उतरला.

अंगणात परिचारिका गुनव्होरला हवा खायला घेऊन आली होती. गुनव्होरने निळा कोट घातला होता, हातांत लोकरीचे हातमोजे. आयलिफ गाडीतून उतरला आणि नमस्कार म्हणाला. तिने मान तुकवली आणि त्याला ओलांडून सरळ गाडीपाशी गेली. खाली वाकली, परिचारिका सावरायला धावली तर तिला हाताने बाजूला केलं. उजव्या हातातला मोजा काढून तिने तळहात पुढच्या टायरवर ठेवला आणि गोल फिरवला, पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"कुठून आलात यावर?" तिने विचारलं.

"हेग्नेसहून."

"घाटातून? हे घालून?"

हे वर्षभराचे आहेत, मुलीने घालून दिले, असं आयलिफ म्हणाला.

"वर्षभराचे म्हणजे कुठल्याच दिवसाचे नव्हेत. तुमच्या घरी कोणी नाही का? बायको?"

"आहे."

"मग तिनं सोडलं कसं तुम्हाला?"

"ती सध्या घरी नसते," तो म्हणाला.

गुनव्होरने त्याच्याकडे बघितलं, म्हणजे खरंच निरखून बघितलं. मग अंगणाच्या फरशीवर तळहात टेकवला. तोंड वर करून हवा नाकात ओढली. गुडघ्यावर हात रेटून सावकाश उभी राहिली.

"आज," ती म्हणाली. "खिळ्यांचे. आजच बदल."

बदल म्हणाली. बदला नाही.

परिचारिकेच्या लक्षातही आलं नाही. गुनव्होरच्याही नसेल, कारण मोजा हातात चढवता चढवता ती आत कॉफीची वेळ झाली का म्हणून विचारू लागली. आयलिफ मात्र गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. गारठलेली बोटं उबेला धरली की आधी ऊब लागत नाही, आधी ठणका लागतो. तसं त्याला सगळीकडून दुखायला लागलं. मोडलेल्या काठ्या आठवल्या, त्यांच्यापलीकडची दरी आठवली. चुकवलेले दोन रविवार आठवले. त्याला वाईट वाटत होतं, भयंकर वाईट वाटत होतं, आणि ते त्याला परत कोणाला द्यायचं नव्हतं.

त्याने तिथूनच हाल्डिसला फोन केला. टायर घेऊन लिदालला येतेस का, म्हणाला.

"रविवार आहे, आयलिफ."

"गुनव्होर म्हणते आज."

"म्हणजे उद्या पहाटे माझ्या दारात रांग," हाल्डिस म्हणाली. "निघते."

ती आली, अंगणातच जॅक लावला आणि बडबड न करता चारही बदलले. आयलिफ घरी परतला तो मटार ओतल्यासारखा वाजत. माथ्याजवळ आवाज एकाएकी थांबला तेव्हा त्याने पेडलवरचा पाय हलका केला आणि मोडक्या काठ्यांच्या बाजूने गाडी सावकाश काढली. सोमवारी गावात रांग लागली. मंगळवारी समुद्रापर्यंत बर्फ पडला.

पुढच्या रविवारी गुनव्होर खिडकीशी बसली होती. तो आत आला तशी ती खुर्चीतून अर्धवट उठली.

"तुम्हीच वाजत आलात ना?" ती म्हणाली. "चांगले टायर आहेत तुमचे."

आयलिफने कोट खुंटीला लावला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती.

"बायकोनं घालायला लावले," तो म्हणाला.

"शहाणी आहे," गुनव्होर म्हणाली आणि वॅफलची बशी त्याच्याकडे सरकवली.